काडीनं लिहिलेली उधारी: जुन्या पाम ऑर्गनायझरमधला डेटा आजच्या फोनवर कसा उघडला



उधारी वसुलीच्या व्हिडिओत मी बोलता बोलता एक किस्सा अर्धवट सोडला होता. राहुरी तालुक्यातलं एक कृषी सेवा केंद्र, मालकाच्या वडिलांचं जुनं 'काडीचं मशीन' आणि त्यात अडकलेला हिशोब. व्हिडिओ बारा मिनिटांत संपवायचा होता, म्हणून मी पुढं गेलो. त्यानंतर दुकानात येणारा प्रत्येक जण विचारतोय, सर, त्या मशीनचं पुढं काय झालं? आज तेच सविस्तर लिहितो. सोबत टेक्निकल भागही सांगतो, कारण असं मशीन तुमच्याही माळ्यावर पडलेलं असू शकतं.

आधी प्रकरण समजून घ्या. दुकान आता मुलगा बघतो. माझ्या सावेडीच्या क्लासला येऊन गेलेला, वागायला चांगला मुलगा. वडील २००७ मध्ये गेले. गेल्या वर्षी एका वस्तीवरचा तरुण ठिबकच्या नळ्या उधारीवर मागायला आला. आडनाव ऐकून यानं जुनी खतावणी काढली, तर त्या तरुणाच्या आजोबांच्या नावावर २००६ सालची साडेअठरा हजार बाकी दिसली. हा सरळपणे बोलून गेला, "आधीची थोडी बाकी आहे बघा."

दुसऱ्या दिवशी आजोबा स्वतः आले. सगळे त्यांना तात्या म्हणतात. तात्या म्हणाले, "पैसे मी दोनदा करून दिलेत. एकदा कांद्याची पट्टी आल्यावर, एकदा पोळ्याच्या आधी. तुझ्या बापानं माझ्या ओट्यावर बसून, माझ्यासमोर, त्या मशीनमध्ये काडीनं लिहून घेतलं." समोर आलेला चहा तसाच ठेवून ते निघून गेले.

आता कायद्यानं बघाल तर या बाकीत काही दम नाही. उधारीच्या पैशासाठी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षं असते, ती कधीच संपली. पण गावातलं दुकान मुदतीच्या कायद्यावर चालत नाही. 'दिलेले पैसे पुन्हा मागतो' हे वाक्य एकदा वस्तीवर फिरलं की पुढच्या हंगामाची बियाणं त्या घरांतून दुसऱ्या दुकानाची येतात. शिवाय मुलाला स्वतःलाच झोप लागेना. वडील खोटं लिहिणारे नव्हते आणि तात्या खोटं बोलणारे नव्हते. मग वही चुकीची कशी?

तो एका प्लास्टिकच्या पिशवीत ते मशीन घेऊन माझ्याकडं आला.

हे मशीन म्हणजे काय होतं

पाम एम१००. तिशीच्या आतल्या वाचकांनी नाव ऐकलं नसेल, म्हणून थोडक्यात. १९९६ मध्ये 'पायलट' नावाचं खिशात मावणारं यंत्र अमेरिकेत बाजारात आलं. पहिल्या मॉडेलची मेमरी १२८ केबी. आज व्हॉट्सॲपवर आलेला सुप्रभातचा एक फोटो सुद्धा त्यात मावणार नाही. १६० बाय १६० ठिपक्यांचा स्क्रीन, दोन छोट्या पेन्सिल सेलवर आठवडेच्या आठवडे चालायचं. पुढं पेनवाल्या पायलट कंपनीशी नावावरून वाद झाला आणि 'पायलट' गळून नुसतं 'पाम' राहिलं.

त्याचे निर्माते जेफ हॉकिन्स यांची गोष्ट मी क्लासमध्ये हमखास सांगतो. यंत्र बनवण्याआधी त्यांनी त्याच मापाचा लाकडाचा ठोकळा करून खिशात ठेवला. कुणी भेटीची वेळ विचारली की ते ठोकळा काढायचे आणि त्यावर लिहिल्याचं नाटक करायचे. खिशात जड होतो का, हातात बसतो का, दिवसातून कितीदा काढावा लागतो, सगळं लाकडावरच कळलं. धंद्यात माल भरण्याआधी असा ठोकळा फिरवायला काय हरकत आहे? असो, तो वेगळा विषय.

एम१०० हे २००० साली आलेलं स्वस्तातलं मॉडेल. दोन एमबी मेमरी, आणि झाकणाला छोटी खिडकी, झाकण न उघडता वेळ बघायला. यांच्या वडिलांना ते अमेरिकेतल्या मेहुण्यानं दिलं होतं. आपल्याकडं तेव्हा व्यापाऱ्यांच्या खिशात कॅसिओची डिजिटल डायरी असायची, त्यात फोन नंबर. पाममध्ये चार गोष्टी होत्या: पत्ते, तारखांची डायरी, कामांची यादी आणि मेमो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्यावर बाहेरचे प्रोग्राम टाकता यायचे. काडीनं एका ठरावीक वळणाची इंग्रजी अक्षरं काढायची, त्या लिपीला ग्राफिटी म्हणायचे. दहावी शिकलेल्या माणसानं पन्नाशीत ती वळणं शिकून घेतली होती, याचं मला खरंच कौतुक वाटलं.

मराठी मात्र त्यावर नव्हती. वडिलांच्या सगळ्या नोंदी इंग्रजी अक्षरांत मराठी. आपल्याकडं बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी सिम्प्युटर नावाचं हातात मावणारं यंत्र केलं होतं, खास खेड्यातल्या माणसासाठी, भारतीय भाषांसकट. २००४ मध्ये ते विक्रीलाही आलं, पण अपेक्षेइतकं चाललं नाही.

पहिली चूक झालेलीच होती

माझ्याकडं यायच्या आधी मुलानं उत्साहात नवे सेल टाकून पाहिले होते. मशीन चालू झालं. स्क्रीनवर स्वागत आलं आणि 'इथे टेकवा, तिथे टेकवा' असं सेटिंग सुरू झालं. त्याला वाटलं, वा, चालू आहे. मी ते बघितलं आणि गप्प बसलो. तो स्वागताचा स्क्रीन म्हणजे आतली मेमरी पूर्ण कोरी झाल्याची खूण असते.

कारण असं की, त्या काळच्या पामची मेमरी विजेवर जिवंत राहायची. सेल बदलताना साधारण मिनिटभराची सवलत, तेवढ्यात नवे बसवायचे. सेल पूर्ण उतरले, की नोंदी गेल्या. वीज नसतानाही टिकणारी मेमरी पामनं २००४ च्या सुमाराला आणली. म्हणजे वडिलांच्या पश्चात पहिल्याच वर्षी कधीतरी, कपाटात पडल्या पडल्या, ती सगळी उधारी पुसली गेली होती. नवे सेल टाकल्यानं काही बिघडलं नव्हतं, मी त्याला तसं समजावलं. पण चेहरा पडलाच.

मग मी विचारलं, "दादा हे कॉम्प्युटरला जोडायचे का?"

"हो. दर रविवारी. एका वायरीला बटण होतं, ते दाबायचे."

ते बटण म्हणजे हॉटसिंक, पामची सगळ्यात शहाणी सोय. बटण दाबलं की मशीन आणि कॉम्प्युटर एकमेकांच्या नोंदी जुळवून घेणार, आणि बाहेरून टाकलेल्या प्रोग्रामची व त्यांच्या डेटाची एक प्रत कॉम्प्युटरवर ठेवणार. मी म्हटलं, कॉम्प्युटर कुठंय? तर गोडाऊनमध्ये, खताच्या रिकाम्या गोण्यांखाली. मदरबोर्ड गेलेला. पण हार्डडिस्क काढून कन्व्हर्टरनं माझ्या मशीनला लावली, ती फिरली. त्या आवाजाला आम्ही दोघांनी हात जोडले, खोटं नाही सांगत.

इथं एक सांगतो. अशी डिस्क चालू झाली की लगेच फोल्डर उघडून बघत बसू नका. आधी पूर्ण डिस्कची कॉपी करा, मग कॉपीवर काम करा. जुनी डिस्क दुसऱ्यांदा फिरेलच याची काही खात्री नसते.

फोल्डरमध्ये काय सापडलं

सी ड्राइव्हमध्ये पाम नावाचं फोल्डर. त्यात आडनाव आणि नावाचं पहिलं अक्षर जोडून केलेलं वडिलांचं फोल्डर. त्यात पत्ते, डायरी, कामं, मेमो यांची वेगवेगळी फोल्डरं आणि एक 'बॅकअप'.

बरेच जण इथं फसतात. बॅकअप नाव बघून त्यातच सगळं असेल असं वाटतं. तसं नसतं. पामच्या मूळ चार गोष्टी कॉम्प्युटरवरच्या पाम डेस्कटॉपच्या स्वतःच्या फायलींमध्ये जातात. बॅकअपमध्ये मुख्यतः बाहेरून टाकलेली ॲप्स आणि त्यांचा डेटा असतो. तिथल्या फायली दोन प्रकारच्या: डॉट पीआरसी म्हणजे प्रोग्राम, डॉट पीडीबी म्हणजे डेटा. दुकानाच्या भाषेत, पीआरसी हा मुनीम आणि पीडीबी ही वही. सगळा लेख या दोन शब्दांवर उभा आहे, म्हणून लक्षात ठेवा.

मेमोची वही कुणीही वाचू शकतो, मजकूर साधा असतो. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली तरी मधल्या चित्रविचित्र चिन्हांतून वाक्यं दिसतात. आम्हाला तिथं खतांचे भाव मिळाले, ट्रान्सपोर्टवाल्यांचे नंबर मिळाले, आणि एका मेमोत 'सोनई – दर बुधवार – उसाचं बिल झाल्यावरच जाणे' असं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. वसुलीचा इतका सोपा नियम मी माझ्या कोर्समध्ये तीन स्लाइडमध्ये सांगतो.

पण पैसे जमा केल्याच्या नोंदी मेमोत नव्हत्या. त्यासाठी वडिलांनी एक छोटा डेटाबेस प्रोग्राम टाकलेला होता. तेव्हा हॅनडीबेस, जेफाइल असे प्रोग्राम प्रसिद्ध होते. हा त्यातला नव्हता, कुणा एकट्या माणसानं केलेला स्वस्त शेअरवेअर होता. त्याची पीडीबी नोटपॅडमध्ये उघडली तर आकडे नाहीत, नुसता कचरा. वही अशा लिपीत लिहिलेली, जी फक्त त्याच मुनिमाला वाचता येते. आणि तो मुनीम फक्त पामवर जागा होतो.

तुम्ही म्हणाल, मग डेटा परत त्या एम१०० मध्येच टाकायचा! चांगल्या कॉम्प्युटरवर पाम डेस्कटॉप असता तर तेच केलं असतं. पण त्या मशीनचा स्क्रीन म्हातारा झालेला. काडी एकीकडं टेकवावी, तर निशाण बोटभर खाली उमटायचं. त्यावर चारशे नोंदी वाचणं म्हणजे शिक्षा. म्हणून इम्युलेटर.

इम्युलेटर म्हणजे दुभाषी

प्रत्येक प्रोग्राम एका ठरावीक चिपच्या भाषेत लिहिलेला असतो. पामची चिप मोटोरोलाची, ड्रॅगनबॉल नावाची. तुमच्या फोनमधली चिप वेगळ्या घराण्याची, तिला ती भाषा येत नाही. इम्युलेटर मध्ये बसून प्रत्येक आज्ञा ऐकतो आणि फोनला समजेल अशी करून देतो. शिवाय पामचा स्क्रीन, बटणं, घड्याळ, मेमरी यांचं सोंगही तोच वठवतो. प्रोग्रामला कळतच नाही की आपण दुसऱ्याच्या घरात आहोत.

गंमत म्हणजे हा उद्योग पामनं स्वतःच केला होता. २००२ मध्ये त्यांनी चिप बदलली, एआरएम घेतली. मग आधीचे हजारो प्रोग्राम कसे चालायचे? त्यांनी नव्या सिस्टिममध्येच जुन्या चिपचा दुभाषी बसवून दिला. ग्राहकाला पत्ताही लागला नाही. पुढं नोकियाच्या इंटरनेट टॅबलेटवर पाम ॲप्स चालवायची सोय निघाली, स्टाइलटॅप नावाचं विकतचं ॲप निघालं. २००९ च्या पाम प्री फोनवर जुनी ॲप्स चालवायला 'क्लासिक' नावाचं दुसऱ्या कंपनीचं ॲप होतं. म्हणजे 'जुनं ॲप, नवं यंत्र' हे दुखणं पामवाल्यांना अगदी घरातलंच होतं.

आज सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे क्लाउडपायलट. हा इम्युलेटर ब्राउझरमध्ये चालतो, फोनवरही आणि कॉम्प्युटरवरही. नावात क्लाउड असलं तरी तुमचा डेटा कुठं वर जात नाही, सगळं तुमच्याच यंत्रावर चालतं. उधारीच्या वहीसाठी हे महत्त्वाचं आहे. इंटरनेट आर्काइव्हनं २०२२ मध्ये जुन्या पाम प्रोग्रामचा मोठा संग्रह ब्राउझरमध्ये चालवून दाखवला, तो याच इम्युलेटरवर.

त्याला एक गोष्ट मात्र तुम्हाला द्यावी लागते: रॉम, म्हणजे पामच्या चिपमध्ये कोरलेली मूळ सिस्टिम. नेटवर शोधलं तर मिळेल, पण तिच्यावर कंपनीचा हक्क असतो. आपलं स्वतःचं मशीन हातात असेल तर त्याचीच काढलेली बरी. सेल उतरल्यावर नोंदी जातात, रॉम जात नाही. आम्ही लिनक्सवरच्या पायलट-लिंक नावाच्या जुन्या साधनांनी, सिरीयल केबल लावून, त्या कोऱ्या एम१०० मधून रॉम उतरवून घेतली. वायरीवरचं तेच रविवारचं बटण मुलानं दाबलं. सिरीयल वायर धिम्या गतीची असते, तोवर चहा झाला.

मग सोपं होतं. क्लाउडपायलटमध्ये रॉम दिली, एम१०० सुरू झालं. बॅकअप फोल्डरमधली पीआरसी आणि पीडीबी आत सोडली. ॲपचं चित्र दिसलं. दाबलं. उघडलं!

आणि फक्त पहिल्या वीस नोंदी दिसल्या. खाली इंग्रजीत, 'ही ट्रायल प्रत आहे'.

नावात एक स्पेस जास्त

हे मला आधी आठवायला हवं होतं. त्या काळी पामच्या अनेक शेअरवेअर प्रोग्रामचं कुलूप हॉटसिंकच्या नावाला बांधलेलं असायचं. पैसे भरले की तुमच्या नावावरून तयार केलेला कोड मिळणार. दुसऱ्या नावाच्या मशीनवर तो कोड चालत नाही. वडिलांनी पैसे भरलेले होते, कोड त्यांच्या एका मेमोतच मिळाला. पण आमच्या इम्युलेटरमधलं मशीन बिननावाचं होतं.

सेशनच्या सेटिंगमध्ये हॉटसिंकचं नाव टाकता येतं. मुलानं वडिलांचं नाव टाकलं, चाललं नाही. आडनाव आधी टाकलं, नाही. सगळी कॅपिटल अक्षरं, नाही. शेवटी पामच्या फोल्डरमधली वापरणाऱ्यांची फाइल नोटपॅडमध्ये उघडली. तिथं पूर्ण नाव दिसलं, आणि नाव व आडनाव यांच्या मध्ये दोन स्पेस होत्या. एवढंच. त्या वेळी अंगठा एकदा जास्त टेकला असेल. दोन स्पेस देऊन नाव टाकलं, कोड टाकला आणि ४१२ नोंदी उघडल्या.

तारीख, गाव, नाव, रक्कम आणि शेवटी एक चौकोन. चौकोनाच्या वर लिहिलेलं 'वहीत'. ओट्यावर पैसे घेतले की नोंद करायची आणि घरी येऊन खतावणीत उतरवलं की चौकोनात टिक. साधी, पण पक्की पद्धत. ४१२ पैकी ३७ नोंदींना टिक नव्हती.

तात्यांचं नाव शोधलं. सापडलं. दहा हजार, ०४/११/०६. टिक नाही.

मुलगा म्हणाला, "चार नोव्हेंबर? तात्या तर उन्हाळी कांद्याच्या पट्टीचं बोलत होते." मलाही क्षणभर वाटलं, संपलं. मग फायलींच्या तारखा पाहिल्या. शेवटचा हॉटसिंक जून २००६ मधला. म्हणजे नोव्हेंबरची नोंद त्यात असूच शकत नाही. इम्युलेटरमधलं मशीन नवंकोरं होतं, त्याची देशाची सेटिंग अमेरिकेची. तिकडं महिना आधी लिहितात. ती नोंद ११ एप्रिलची होती, कांदा निघायच्या दिवसांतली. बॅकअपमध्ये सेव्ह्ड प्रेफरन्सेस नावाची फाइल असते, ती आत सोडल्यावर वडिलांची सेटिंग परत आली आणि सगळ्या तारखा सरळ झाल्या. तुम्ही हे काम कराल तेव्हा ती फाइल सगळ्यात आधी टाका. जमा-नावेच्या कामात महिना उलटा वाचला गेला तर भांडण मिटण्याऐवजी वाढेल.

पोळ्याच्या आधी दिलेले साडेआठ हजार मात्र सापडले नाहीत. सापडणारच नव्हते. जूननंतर हॉटसिंकच झालेला नव्हता; कॉम्प्युटर तेव्हाच बिघडला असावा. जूननंतरचं जे काही होतं ते त्या दोन सेलच्या भरवशावर होतं आणि सेलबरोबर गेलं. इम्युलेटर कितीही भारी असो, तो शेवटच्या बॅकअपच्या पुढं एक दिवसही जात नाही.

बाहेर काढणं, हे खरं काम

बरेच जण इथं थांबतात. ॲप चाललं, स्क्रीनशॉट काढला, स्टेटसला टाकला. नाही मंडळी, अजून मुनीम फक्त जागा झालाय. वही आजच्या लिपीत उतरवून घेतली नाही, तर पुढच्या वेळी हाच खटाटोप परत. क्लाउडपायलट तुमचं मशीन ब्राउझरच्या साठ्यात ठेवतो. कुणी 'फोन स्लो झालाय' म्हणून ब्राउझिंग डेटा साफ केला, की तुमचा पाम पुन्हा कोरा. आयफोनवर तर होम स्क्रीनवर न ठेवलेल्या साइटचा साठा काही दिवस न वापरल्यास आपोआप जाऊ शकतो. म्हणून सेशनची फाइल बाहेर काढून दोन ठिकाणी ठेवा.

आमच्या प्रोग्राममध्ये नोंदी मेमोत पाठवायची सोय होती. पण पामच्या मेमोला ४ केबीची मर्यादा, म्हणून गावागावानं नोंदी पाठवल्या. मग इम्युलेटरमधून पूर्ण बॅकअप घेतला, त्यातली मेमोची पीडीबी काढली, मजकूर एक्सेलमध्ये. दीड दिवस गेला. त्यातला अर्धा वेळ गावांची स्पेलिंगं एकसारखी करण्यात, कारण वडील ब्राह्मणी कधी एका प्रकारे लिहायचे, कधी दुसऱ्या.

आता कुणी म्हणेल, फोनवर पाम चालतोच आहे तर हाच वापरत राहिलं तर? काही हौशी लोक वापरतातही. पण धंद्यासाठी मी नाही म्हणेन. पामच्या आत तारीख ज्या पद्धतीनं साठवतात, त्यात वर्षाला जागाच थोडी आहे. १९०४ पासून मोजणी सुरू, आणि ती ३१ डिसेंबर २०३१ ला संपते. त्यापुढची भेट त्या डायरीत लिहिताच येत नाही.

हीच भानगड आपल्या बाजारात अजून जिवंत आहे, फक्त पामच्या नावानं नाही. दाळमंडईत, मार्केट यार्डात आजही डॉसवरचे फॉक्सप्रोचे हिशोब आहेत. नवा ६४ बिटचा कॉम्प्युटर आणला की तो प्रोग्राम उघडत नाही आणि मालक घाबरून मला फोन करतात. तिथं डॉसबॉक्स हा दुभाषी. आणि फॉक्सप्रोची वही, डीबीएफ फाइल, ही लिब्रे ऑफिसच्या कॅल्कमध्ये थेट उघडते, मुनिमाला उठवायचीही गरज नाही. अडचण फक्त नावं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील तर येते. मग आकडे दिसतात पण नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. त्यावर वेगळा व्हिडिओ करतो.

आणि मोबाइलवरची उधारीची ॲप्स वापरता ना? वापरा, मीही वापरतो. फक्त आज दुकान बंद करायच्या आधी त्यात एक्सेल किंवा पीडीएफ काढायचं बटण कुठं आहे ते शोधा आणि एकदा दाबून बघा. फाइल निघाली तर तिच्यातली पाच नावं वहीशी पडताळा. बटणच सापडलं नाही तर मला कळवा, आपण बोलू.

राहुरीचं सांगायचं राहिलं. मुलानं ३७ नावांची यादी प्रिंट केली. त्यातली काही माणसं आता नाहीत, काही खाती नंतर मिटलेली निघाली. नऊ जणांच्या नावावर खतावणीत चुकीची बाकी उभी होती, ती त्यानं लाल शाईनं कापली आणि प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगितलं. तात्यांचे दहा हजार मशीननं सिद्ध केले. उरलेले साडेआठ त्यानं तात्यांच्या शब्दावर कापले. मी त्याला काही सुचवलं नव्हतं.

तात्यांकडं तो मला घेऊन गेला. त्याच ओट्यावर बसलो. त्यानं प्रिंट पुढं केली, तर तात्यांनी कागद बाजूला सारला. "कागद काय, कुणीही करील. मशीनमध्ये दाखव." मग त्यानं फोनवर क्लाउडपायलट उघडला. करड्या रंगाचा तो छोटा पाम आला, नोंद आली, नाव आलं. तात्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला, मागंपुढं फिरवला, कडेनं नखानं चाचपला.

"काडी कुठंय याची?"